पान्ह्याची चाल

७ सप्टेंबर २०२५, रविवार

"तुझा कान लय चांगला हाय, मंगल, पण तू तोंड उघडू नको." चुलतबहिणीच्या हळदीत धुरपतामावशी मला हे म्हणाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. जात्याभोवतीच्या सगळ्या बाया हसल्या. मावशी वाईट नव्हती, गाणं बिघडत होतं म्हणून म्हणाली. त्यानंतर बायकांच्या गाण्यात मी कधी आवाज मिसळला नाही, नुसती ऐकत राहिले. आज सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या वहीत एकवीस चाली आहेत, आणि सगळ्या मी गळ्याने नाही, बोटांनी म्हणते.

टिन व्हिसल चार वर्षांपूर्वी परभणीच्या एका शिबिरात मिळाली. पत्र्याची नळी, सहा भोकं, हिरवं प्लास्टिकचं तोंड. बाकीच्या शिक्षकांनी आपापल्या शिट्ट्या घरच्या पोरांना देऊन टाकल्या. मी ठेवली. माझे यजमान काशीनाथ तिला पुंगी म्हणतात.

परभणीचे योगीराज सर आता पुस्तक काढणार आहेत. शाळेतल्या मुलांसाठी बावीस चाली, बोटं कुठे ठेवायची त्याची चित्रं, आणि प्रत्येक पुस्तकासोबत एक शिट्टी. नाताळच्या आत. माझं नाव असलेलं पहिलं पुस्तक. एकवीस चाली झाल्या. बाविसावी मला तानुमायकडून हवी आहे.

तानुबाईंचं, म्हणजे गावाच्या तानुमायचं, घर माझ्या शाळेच्या मागेच आहे. सत्तरी ओलांडली असेल. पारडू मेलं की म्हैस पान्हा चोरते, हात लावू देत नाही. तानुमायच्या गोठ्यात तसं होत नाही. ती म्हशीच्या कानाशी काहीतरी गुणगुणते आणि म्हैस दूध सोडते. आजवर त्या गोठ्यात दूध उतरवायची सुई आलेली नाही, असं गाव अभिमानाने सांगतं. ती चाल त्या घरात सासू सुनेच्या कानात सांगते, तीही धारेचा जिम्मा सोपवताना.

आज शेवटी मागितली.

"कशाला पायजे?"

"पुस्तकात घालायला."

"पुस्तक कोण वाचतंय?"

"लेकरं."

तिने टोपलीतली पेंड फोडून घेतली. मग म्हणाली, "ये पुढल्या रयवारी. पण फोन काढायचा न्हाई. आन् धारेच्या टायमाला गोठ्याकडं यायचं न्हाई."

दोन्ही कबूल केलं. तिची सून राजेश्री चहा घेऊन दारापर्यंत आली होती. ती सासूकडे बघत उभी राहिली आणि कप तसेच घेऊन आत गेली. चुलीवर काहीतरी उतू जात असावं.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिली ओळ मिळाली. तानुमाय डोळे मिटून सुरू करते, अडते, पुन्हा दुसरीकडूनच सुरू करते. वयामुळे विसरत असणार. धीर धरायला हवा.

तिच्या चालीतला एक सूर शिट्टीच्या तळाखाली जात होता. मी दाखवलं, सगळी भोकं झाकली की संपलं.

"खाली जायला जागाच न्हाई व्हय तुझ्या पुंगीला?"

"सा वर धरायचा, तीन बोटांवर. मग खाली तीन सूर उरतात."

"म्हंजी घर वर बांधायचं आन् खाली धान्याला पेव ठिवायचं." तिला गंमत वाटली. थोडं गुणगुणून म्हणाली, "मंग हितून वळीव."

आणि चाल वळली. इतकी जुनी चाल इतकी मऊ कशी, याचं मला नवल वाटत राहिलं. बाकीच्या चालींना शिट्टीत बसवताना मला किती कापाकापी करावी लागली होती.

२८ सप्टेंबर, रविवार

गेल्या रविवारी पूल पाण्याखाली होता, ताडकळसच्या घरून निघताच आलं नाही. आज पोचले तर तानुमाय ओसरीवर वाट बघत बसलेली.

"गेल्या रयवारी कामून आली न्हाईस? मी पुढलं समदं काढून ठिवलं व्हतं."

भाकरी, दही, मिरचीचा ठेचा. खाल्ल्याशिवाय शिकवायला तयार नाही. "मालकाला सांग, बायको पुंगी वाजिवती, टोपली तुमी धरा." आणि स्वतःच्याच विनोदावर पदर तोंडाला लावून हसली. माझी आई गेल्यापासून मला कुणी असं बसवून जेवायला घातलं नव्हतं.

दुसरी ओळ पहिलीपेक्षाही सुंदर आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

पाचवा रविवार. चाल पूर्ण झाली.

मी विचारलं, "तानुमाय, मागच्या वेळी इथे सूर वर जात होता ना?"

"जायचा व्हता. आता जात न्हाई."

तीन वेळा वाजवून घेतली. ती गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती, बोटं हलत होती. "ही वाजिवताना माजं नाव घेशील?"

"पहिल्याच पानावर."

"मंग बरं. ही तुझी. घेऊन जा."

राजेश्री अंगण झाडत होती. तिला म्हटलं, "तुमच्या सासूबाईंनी मोठा विश्वास टाकला माझ्यावर." ती "व्हय मॅडम" एवढंच म्हणाली.

घरी येऊन काशीनाथना ऐकवली. ते जनावरांच्या दवाखान्यात आहेत, त्यांना तरी कदर असेल वाटलं होतं.

"गोड हाय," ते म्हणाले. "पण म्हशीला इतकं गोड कशाला लागतंय? तिला एकच आवाज लागतो, रोज तोच. कुठं बादलीचा, कुठं माणसाचा."

प्रत्येक गोष्टीत त्यांचा दवाखाना. मी आत जाऊन पुन्हा वाजवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झोपायच्या आत लिहून ठेवते.

शाळेत ऑनलाइन माहिती भरत बसले, निघायला सहा वाजले. गाडी शाळेच्या मागे लावलेली. तिकडे जायची वाट तानुमायच्या गोठ्यावरून आहे. दुसरीही आहे, पण तिथे चिखल असतो. आज नव्हता.

दिवाळीत मैना म्हशीचं पारडू गेल्याचं मुलांनी सांगितलं होतं. गोठ्याच्या कुडाशी आले तर आत तानुमायचा आवाज. मी थांबले. ती माझी चाल नव्हती.

फक्त तीन सूर. सा, खालचा नी, पुन्हा सा, मग खालचा ध आणि तिथेच लांबवर गुणगुणणं. मध्ये जिभेचं टक् टक्. ना वळण, ना दुसरी ओळ. पाच-सहा वेळा तेच, आणि मग बादलीच्या बुडावर धारेचा आवाज.

मी फोन काढला. हात आपोआपच गेला. रेकॉर्डिंग लावून चार मिनिटं उभी होते.

म्हणजे पाच रविवार ती माझ्यासमोर बसून खोटं शिकवत होती. भाकरी वाढत होती आणि खोटं शिकवत होती. मी इतकी खुळी दिसते? घरी आल्यावर वहीतलं ते पान फाडून चुलीत घातलं. काशीनाथ विचारत होते काय झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

जाऊन विचारलं. दारातूनच.

"तुम्ही मला खोटी चाल दिलीत."

तानुमाय शेंगा निवडत होती. हात थांबले नाहीत. "खोटी न्हाई ती."

"मग गोठ्यात काय म्हणता?"

आता हात थांबले. "तू गोठ्याकडं आली व्हतीस?"

"वाट तिकडूनच आहे."

"वाट व्हय." ती माझ्याकडे बघत राहिली. "ती म्हशीची हाय, पोरी. तुला दिली ती तुझी."

"पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं. फसवलंत मला."

"माणूस एवढ्या लांबून यायलंय, कायतरी मागायलंय. न्हाई म्हनायला जीभ वळली न्हाई."

जीभ वळली नाही! खोटं गाताना बरी वळली. हे मी तोंडावर बोलले नाही, इथे लिहिते आहे. फोनचंही बोलले नाही. तो मुद्दा नव्हता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

योगीराज सरांना फोन केला की बाविसावी चाल बदलायची आहे. "अहो मॅडम, पानं लागलीत," म्हणून कुरकुरले. मग मी पाठवलेलं नवीचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि आवाजच बदलला. "ही तर तीनच सुरांची! डाव्या हाताची बोटं हलवायचीसुद्धा नाहीत. हिला शेवटी कशाला टाकता, पाठ पहिला करू. पोरं पहिल्याच दिवशी वाजवतील."

बरोबर आहे त्यांचं. जिभेच्या टक्‌ची जागाही शिट्टीवर छान बसते, त्या वेळी नुसता 'तु' म्हणून फुंकायचं.

चालीखाली कुणाचं नाव टाकायचं, हेही विचारलं त्यांनी. तानुमायला मी शब्द दिला होता, पण तो त्या दुसऱ्या चालीबद्दल. जिने मला खोटं दिलं तिचं नाव खऱ्यावर कशाला? 'म्हैस पान्हवण्याची चाल, पारंपरिक' असं लिहायला सांगितलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पुस्तक आलं. कव्हरवर माझं नाव थोडं वाकडं छापलंय, तरी दिवसभर बघत होते.

तेवीस मुलांना तेवीस शिट्ट्या दिल्या. अर्ध्या तासात पाठ पहिला सगळ्यांना आला. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर गावभर तीच चाल. नळावर, पारावर, बसथांब्यावर. अकराव्या वर्षापासून जो आवाज मी आत दाबून ठेवला, तो तेवीस तोंडांतून बाहेर पडत होता. गाडी चालवताना रडत आले.

तानुमायच्या घराचं दार बंद होतं. ती पुस्तक बघायलाही आली नाही.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

काशीनाथ जेवताना म्हणाले, "आज तुझ्या शाळेच्या गावात गेलतो. तानुबाईची म्हैस बघायला."

"काय झालं तिला?"

"काय बी झालं न्हाई, तेच तर. कास चांगली, सड चांगले, खाणंपिणं बरोबर. अन् दिवसभर दूध ठिबकतंय गोठ्यात. धारेला बसलं की थेंब न्हाई." त्यांनी भाकरी मोडली. "सून म्हणली, शाळेची मधली सुट्टी झाली की ठिबकायला लागतं. शाळा सुटली की परत."

मी वरण वाढत होते.

"तुझं पुस्तक आण की जरा."

आणलं. त्यांनी पहिलं पान उघडलं, पाठाचं नाव वाचलं, बोटांचं चित्र बघितलं. पुस्तक मिटून ताटाशेजारी ठेवलं.

"मीठ दे," म्हणाले.

१३ जानेवारी, मंगळवार

वर्गात सांगितलं, पाठ पहिला वाजवायचा नाही.

"कामून, बाई? तुमीच शिकविला."

"पुढचे पाठ वाजवा."

"पुढले अवघड हायत."

दहा मिनिटांनी मैदानातून तीच चाल. नको म्हटल्यावर जास्तच. शिट्ट्या गोळा केल्या तर सोळाच हातात आल्या, आणि या सोळांचा उपयोग तरी काय? मुलं आता ती तोंडानेच वाजवतात. एकजण भिंतीआडून वाजवतो आणि दुसरा मैनेच्या कासेकडे बघून ओरडतो, "आलं आलं!" हा त्यांचा नवा खेळ आहे.

१९ जानेवारी, सोमवार

राजेश्री शाळेत आली. मी वह्या तपासत होते. ती बसली नाही.

"मॅडम, माजं लगीन होऊन चौदा वर्षं झाली."

मला वाटलं काहीतरी अर्ज लिहून हवा असेल.

"चौदा वर्षं शेण काढायले, वैरण टाकायले. धारेला आत्याबाई मला बाहीर काढायच्या. म्हनायच्या, टाईम आला की कानात सांगीन. या पाडव्याला सांगणार व्हत्या. सवाष्णी बोलवून, नवं लुगडं नेसवून." तिचा आवाज चढला नाही, हेच मला सहन होईना. "आन् मी ती नळावर ऐकली. हंडा भरताना. शिंदेच्या पोट्ट्यानं नाकातला शेंबूड पुसत वाजिवली. मला ठावं बी न्हाई, हीच ती हाय म्हणून. हंडा घेऊन घरी आले तर आत्याबाई गोठ्यात म्हशीच्या गळ्याला धरून बसलेल्या."

"राजेश्री, तानुमायनं मला आधी खोटी..."

"मला ठाव हाय की. दोन रयवारांच्या मधी रातच्याला चुलीपुढं बसून जुळवायच्या. मला म्हनायच्या, मास्तरीणबाईच्या नळीला हे बसंल का गं? मला राग यायचा. मला एवढं कव्हा केलं न्हाई, आन् हिच्यासाठी..." तिने पदर खोचला. "काल सुई आणली बाहिरून. तुमच्या मालकानं न्हाई दिली, त्यायचं बराबर हाय. पण कास दाटून म्हैस आरडायली. मीच टोचली. आत्याबाई बाहीर उभ्या व्हत्या."

ती गेल्यावर मी हजेरी घेतली. कुणाचं नाव घेतलं, कोण हजर म्हणालं, काही आठवत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

योगीराज सरांना फोन केला, म्हटलं पुस्तक थांबवा, निदान पहिलं पान काढा. ते हसले. "मॅडम, मैना का फैना म्हशीसाठी? अहो, तोच पाठ तर चाललाय. पालमच्या दोन शाळांनी मागवलंय." मग जरा थंडपणे म्हणाले, "ते रेकॉर्डिंग तुम्हीच दिलं होतं ना?"

त्यांचाही राग आला. सगळेच माझ्यावर टाकतात.

२४ जानेवारी, शनिवार

तानुमायकडे गेले. तिने बस म्हटलं नाही. मी ओसरीच्या पायरीशी उभी राहिले.

"माझी चूक झाली."

"म्हशीची न्हाई झाली, एवढं खरं." ती दावणीकडे बघत होती. "आता मी म्हटलं तरी कान देत न्हाई. मान वळवून शाळेकडं बघती."

राजेश्री आत होती. भांड्याचा आवाज थांबला.

मी म्हणायला नको होतं, पण म्हटलं. "तुम्ही मला दुसरी दिलीत, म्हणून हे झालं. मला वाटलं मला हलकं समजलात."

"हलकं?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "माज्या सासूनं मला दिली ती एक. तिच्या सासूनं तिला दिली ती तीच. जन्मात मी एकच चाल बांधली, पोरी. कुठं हाय ती?"

"पान जाळलं मी."

"वाजिवता येती का?"

मी आठवून बघितलं. तिथे उभी राहून, बोटं हवेत धरून. पहिली ओळ येते असं वाटायचं आणि दुसऱ्या सुराशी ती तीन सुरांची चाल मध्ये शिरायची.

"न्हाई ना." तिने नुसती मान हलवली. मी शिव्या ऐकायच्या तयारीने गेले होते. त्या तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, रविवार

आज कुठे गेले नाही. काशीनाथनी चहा करून समोर ठेवला.

अजूनही वाटतं की तिने पहिल्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं. खरंच वाटतं. मग स्वतःला विचारते, नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं. त्या वाटेने मी नोव्हेंबरऐवजी सप्टेंबरमध्येच गेले असते. फोन घेऊनच. एवढं मला आता माझ्याबद्दल कळलं आहे, आणि ते कळायला एका म्हशीची कास दाटावी लागली.

तिने मला फसवलं हे वाक्य मी अडीच महिने या वहीत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं आहे. आज मागची पानं वाचली. शिट्टीत बसली नाही की मी चाल कापते. ती माझ्या नळीसाठी चाल वळवत होती आणि मी म्हातारपणाचं विसरणं समजून धीर धरत होते. एकवीस चाली जमवल्या, पण समोर बसून बाविसावी जन्मताना ऐकली ती मला ओळखू आली नाही. धुरपतामावशी म्हणाली तेवढा काही माझा कान चांगला नाही.

काशीनाथनी संध्याकाळी एक गोष्ट सांगितली. तानुबाईच्या गोठ्यात एक वगार आहे, गाभण, चैत्रात व्यायची आहे. तिचं पहिलं वेत. त्यांना विचारलं, तिलाही शाळेतली चाल ऐकून सवय झाली असेल का. "अंगाला हात लागल्याबिगर, दूध उतरल्याबिगर सवय लागत न्हाई," ते म्हणाले. "ती कोरी हाय. तिला पहिल्या दिवसापासून जे ऐकवाल ते तिचं."

उद्या झेंडावंदन झालं की मी जाणार आहे. फोन घरी ठेवून, सरळ रस्त्याने, पुढच्या दाराने. माझी बदलीची विनंती मी कालच लिहिली आहे, मंजूर झाली तर जूनपासून मी या गावात नसेन. हे तिला सांगणार नाही. सांगितलं तर तो सौदा वाटेल.

तानुमाय काय म्हणेल तेही मला माहीत आहे. ती म्हणेल, चाली बांधायच्या नसतात, मिळायच्या असतात. म्हणेल, माज्यात आता दम न्हाई. कदाचित उठून आत जाईल आणि राजेश्री येऊन दार लोटून घेईल. मी परत येईन.

तरी अंगणात उभी राहून एवढं विचारणार आहे. तानुमाय, माझ्यासाठी तुम्ही पाच रविवारांत एक बांधलीत. त्या वगारीसाठी आणखी एक बांधा. आणि पाडव्याला, धारेच्या वेळी, गोठ्याचं दार लावून घेऊन ती राजेश्रीच्या कानात सांगा. ती कशी आहे, हे मला कधी कळू देऊ नका.